जुन्या डिशचा एलएनबी बदलताना: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

"डिश गेली" म्हणत जो दुकानात येतो, त्याची डिश सहसा गेलेली नसते. डिश म्हणजे पत्र्याची वाटी. तिला जायला काय आहे? जातं ते तिच्यासमोर दांडीवर बसलेलं डबडं, म्हणजेच एलएनबी, आणि पुष्कळदा त्याच्याही आधी डबड्यापासून घरात येणारी वायर. पूर्व भागात टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवताना हेच प्रश्न रोज ऐकतो, म्हणून एकदाचे लिहून काढले. उदाहरणं डीडी फ्री डिशची घेतली आहेत, कारण आमच्याकडे येणाऱ्या जुन्या छत्र्या बहुतेक तिच्याच असतात. बाकीच्या कंपन्यांनाही कोन सोडले तर तेच लागू.

एलएनबी नेमकं करतो काय?

उपग्रह आपल्यापासून जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण की तो आधी वाटीने गोळा करून एका जागी टाकावा लागतो. ती जागा म्हणजे एलएनबीचं तोंड. तिथे तो सिग्नल वाढवला जातो आणि त्याची फ्रिक्वेन्सी खाली आणली जाते. फ्री डिशची एक फ्रिक्वेन्सी आहे ११०९० मेगाहर्ट्झ. एलएनबी त्यातून आपल्या आतल्या ९७५० वजा करतो आणि खाली पाठवतो १३४०. एवढा खटाटोप कशाला, तर ११ हजारांचा सिग्नल साध्या केबलमधून काही मीटरही धड चालत नाही, १३४० चा मात्र गच्चीपासून हॉलपर्यंत आरामात येतो.

आता लोकांना माहीत नसतं ते. ज्या वायरीतून चित्र खाली येतं, त्याच वायरीतून सेटटॉप बॉक्स वर वीज पाठवतो. १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभ्या लहरी घेतो, १८ दिले की आडव्या. वरचा बँड, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीचा पट्टा, हवा असेल तर त्याच विजेवर २२ किलोहर्ट्झचा एक सूर सोडला जातो, मग वजाबाकी ९७५० ऐवजी १०६०० ने होते. पुढचे निम्मे बिघाड याच ओळींवरून समजतात.

बिघाड एलएनबीचाच आहे हे कसं ओळखायचं?

बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ भरलेली आणि क्वालिटी शून्य असेल तर एलएनबीला वीज पोचते आहे आणि तो जिवंत आहे. फक्त त्याला उपग्रह दिसत नाही. डिश हलली आहे किंवा समोर काहीतरी आलं आहे. अशा वेळी नवीन एलएनबी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. दोन्ही पट्ट्या शून्य असतील तर वायर, कनेक्टर, एलएनबी किंवा बॉक्स यांपैकी कुणीतरी मेलं आहे. मल्टिमीटर असेल तर वर जाऊन एलएनबीकडचं टोक सोडवा, बॉक्स चालू करायला सांगा आणि मधली तार व बाहेरची जाळी यांच्यामध्ये व्होल्टेज बघा. १३ किंवा १८ च्या आसपास मिळालं तर वीज वरपर्यंत येते आहे, संशय एलएनबीवर. काहीच मिळालं नाही तर वर बघू नका, खाली या.

काही चॅनेल दिसतात आणि काही अजिबात नाहीत, अशीही तक्रार येते. तेव्हा गेलेले चॅनेल एकाच पोलरायझेशनचे, म्हणजे सगळे उभ्या किंवा सगळे आडव्या लहरींचे, आहेत का बघा. तसे असतील तर एलएनबीचा तेवढा अर्धा भाग गेलेला असू शकतो, किंवा बॉक्स १३-१८ ची अदलाबदल करत नसेल. शेजारचा बॉक्स आणून लावला की पाच मिनिटांत निकाल.

आणि एक खास आपल्याकडची तऱ्हा. सकाळी चित्र स्वच्छ, दुपारी बारानंतर गायब, रात्री आठला पुन्हा हजर. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचं ऊन बेचाळीस-त्रेचाळीसवर जातं, गच्चीवरचं डबडं त्याहून कितीतरी जास्त तापतं. जुन्या एलएनबीतला ऑसिलेटर, म्हणजे ते ९७५० तयार करणारा भाग, गरम झाला की जागेवरून सरकतो, आणि वजाबाकीच चुकायला लागते. याची परीक्षा सोपी आहे. भर दुपारी चित्र गेल्यावर सोलापुरी टॉवेल ओला करून, पिळून, एलएनबीच्या पाठीवर टाका. तोंडावर मुळीच टाकू नका, पाणी हा सिग्नल गिळतं. दहा मिनिटांत चित्र परत आलं तर एलएनबीचे दिवस भरले.

दुकानात जाण्याआधी आणखी काय बघू?

कनेक्टर. एलएनबीखालची रबरी टोपी वर सरकवा आणि एफ कनेक्टर फिरवून काढा. मधली तांब्याची तार लखलखीत हवी. ती हिरवी-काळी दिसली तर तुमचा बिघाड बहुधा सापडला. उन्हाने केबलचं काळं आवरण तडकतं, सप्टेंबरच्या पावसात पाणी आत शिरतं आणि जाळीतून झिरपत खाली उतरतं. एका अक्कांच्या घरी बॉक्सच्या मागच्या सॉकेटमधून थेंब गळत होता. त्यांनी बॉक्सखाली वाटी ठेवली होती.

"अण्णा, डिशमधनं पाणी येतंय, वरचं टाकं फुटलं का काय?"

टाकं धड होतं. वीस मीटर केबल पाण्याने भरली होती. केबल बदलली, एलएनबी तोच ठेवला, तो अजून चालू आहे.

टोक हिरवं असेल तर चार-सहा इंच केबल कापून बघा. आत तांबं लाल लागलं तर नवा कनेक्टर लावून काम भागतं. आतही काळंच असेल तर सगळी केबल बदला, आरजी-६ घ्या. मधल्या तारेचं टोक कनेक्टरच्या काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर आलं पाहिजे, आणि जाळीचा एकही केस तिला चिकटता कामा नये.

एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपीही बघा. ती उन्हाने फुटली की आत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. माती काढता येते, पण टोपी फुटलेल्या एलएनबीत पाणी गेलेलं असतंच. तो बदला.

कुठला एलएनबी मागायचा?

"केयू बँडचा युनिव्हर्सल, सिंगल" म्हणा. लेबलवर ९.७५ आणि १०.६ हे दोन आकडे हवेत. जुना काढून सोबत नेला तर उत्तम, कारण मानेची जाडी जुळली पाहिजे. सर्रास मिळणाऱ्यांची मान ४० मिलिमीटरची असते, पण काही कंपन्यांच्या डिशवर एलएनबी त्यांच्याच खाचेत बसतो आणि त्यात बाजारातला बसत नाही. तेव्हा क्लॅम्पही वेगळा घ्यावा लागतो. नाहीतरी दहा वर्षं उन्हात भाजलेला प्लास्टिकचा क्लॅम्प स्क्रू फिरवला की तुकडे होऊन हातात येतो. दोन्ही एकदमच घ्या, पुन्हा नवी पेठेची फेरी नको.

डब्यावर "०.१ डीबी" असं ठळक छापलेलं असतं, म्हणजे एलएनबी स्वतःचा गोंगाट सिग्नलमध्ये किती मिसळतो त्याचा आकडा. त्याला भुलू नका. त्यापेक्षा टोपी घट्ट आहे का, कनेक्टरची आटी सरळ आहे का, हे हातात घेऊन बघा. पीएलएल लिहिलेला मिळाला तर घ्या, तो उन्हात फ्रिक्वेन्सी धरून राहतो. आपल्या गावाला तोच बरा.

बदलायचा कसा?

डिशला हात न लावता. हे एवढं जमलं तर काम वीस मिनिटांचं, नाहीतर दिवस गेला. साठ सेंटिमीटरची डिश एक अंश सरकली तर तिच्या काठाशी जेमतेम अर्धा सेंटिमीटर फरक पडतो, आणि असे दीड-दोन अंश सरकले की चित्र जातं. म्हणून डिशच्या मागचे नट, पाइपाचे नट, काही काही सैल करायचं नाही. दांडीचा आधार घेऊन उठायचंही नाही. ही सवय लई जणांना असते.

आधी मोबाइलवर दोन फोटो काढा, एक समोरून, एक बाजूने. मग व्हाइटनर किंवा मार्करने क्लॅम्पवरून एलएनबीच्या मानेपर्यंत एक आडवी रेघ ओढा, म्हणजे तो किती फिरलेला आहे ते कळेल. मान क्लॅम्पमधून किती बाहेर आहे तेही पट्टीने मोजा. बऱ्याच घरांत एलएनबी तिरका बसवलेला दिसतो. ती चूक समजून सरळ करू नका. उपग्रह आपल्या थेट दक्षिणेला नाही, पूर्वेकडे झुकलेला आहे, त्यामुळे त्याच्या उभ्या-आडव्या लहरी आपल्याला कलत्या मिळतात आणि एलएनबीलाही तसंच कलावं लागतं.

यानंतर खाली जाऊन बॉक्सची पिन भिंतीतून काढा. रिमोटने बंद करणं म्हणजे बंद नव्हे. वर येऊन केबल सोडवा, क्लॅम्पचे स्क्रू ढिले करा, जुना सरळ बाहेर ओढा. स्क्रू गंजले असतील तर तेलाचे दोन थेंब सोडून चहा पिऊन या, जोर केला तर दांडी पिरगळते. नवा त्याच खोलीवर, त्याच कोनात बसवा, स्क्रू अर्धवट आवळा. केबल हाताने घट्ट करा, शेवटचा पाव फेरा पान्याने. आता पिन लावायला सांगा.

पूर्वी याला तीन माणसं लागायची. एक वर, एक टीव्हीसमोर, आणि मधल्या जिन्यात एक पोरगं, "आलं! गेलं! जरा आलं!" ओरडायला. आता व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर टेकवला की झालं. नव्या एलएनबीची आतली रचना जुन्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही, म्हणून क्वालिटीची पट्टी बघत तो दोन्ही बाजूंना थोडा थोडा फिरवा. पट्टी जरा उशिरा हलते, तेव्हा प्रत्येक वेळी हात काढून दोन-तीन सेकंद थांबा. सगळ्यात जास्त जिथे मिळेल तिथे स्क्रू आवळा, आणि आवळताना परत बघा, कारण आवळतानाच तो फिरतो.

शेवटी रबरी टोपी खाली ओढून बसवा. साधी काळी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटून लोंबायला लागते, रबराची स्वतःलाच चिकटणारी टेप मिळते ती गुंडाळा. केबलला कनेक्टरखाली एक झोका ठेवा, पाणी त्याच्या तळाशी येऊन गळून जातं.

बॉक्स बंद करायलाच हवा का? वीज तर थोडीच आहे.

तुम्हाला धक्का बसणार नाही हे खरं. बॉक्सला बसतो. माझं सांगतो. धंद्यात नवा होतो, उन्हाने डोकं तापलेलं, खाली जायचा कंटाळा केला आणि चालू बॉक्सवरच कनेक्टर लावला. जाळीचा एक केस मधल्या तारेला टेकला. खालून आवाज आला, "डबा बंद पडला ओ!" काही बॉक्समध्ये असा शॉर्ट झाला तर स्वतःहून वीज तोडायची सोय असते. त्यात नव्हती. एलएनबीचे पैसे घेतले आणि बॉक्स पदरचा दिला.

डिश हललीच. आता परत कशी लावू?

फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. सोलापूरहून ती दिशा होते होकायंत्रावर सुमारे १३४ अंश, म्हणजे जवळपास बरोबर आग्नेय. होकायंत्र नको असेल तर होटगी आणि अक्कलकोट यांच्या मधल्या दिशेला तोंड करा. उंची जमिनीपासून सुमारे ६१ अंश. पण डोळ्यांना डिश तेवढी वर बघताना दिसणार नाही. या डिशचा एलएनबी मधोमध नसून खालच्या अंगाला असतो, त्यामुळे वाटी प्रत्यक्षात बघते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंशांनी खाली बघते आहे असं वाटतं. नवखा माणूस इथेच फसतो आणि डिश आभाळाकडे उताणी करतो.

मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी पाइपाजवळ थापा मारतं. चार-पाच पावलं लांब उभं राहून दिशा घ्या, समोरची एखादी खूण लक्षात ठेवा, मग डिश तिकडे वळवा. उंची आधी पक्की करा आणि नट थोडे आवळून डिश डावी-उजवीकडे अगदी सावकाश फिरवा.

समोर भिंत असेल तर हिशेब असा. भिंत डिशपेक्षा दहा फूट उंच असेल तर ती किमान सहा फूट लांब हवी.

दरवर्षी मार्चमध्ये काही दिवस सकाळी अकरालाच चित्र जातं. एलएनबी खराब झाला का?

नाही, सूर्य मध्ये येतो. मध्ये म्हणजे उपग्रहाच्या बरोबर मागे. सूर्यही रेडिओलहरी सोडतो, आणि डिशला त्या दोघांत फरक करता येत नाही. आपल्याकडे फ्री डिशला हे साधारण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सव्वाअकराच्या सुमारास होतं, आणि पुन्हा सप्टेंबर संपताना व ऑक्टोबर लागताना, अकराच्या थोडं आधी. आठवडाभर, रोज काही मिनिटं. ८३ अंशावरचा उपग्रह बघणाऱ्या, म्हणजे टाटा प्लेच्या, डिशवर हेच मार्चमध्ये बाराच्या सुमारास घडतं.

या दिवसांचा एक उपयोग मात्र आहे. त्या वेळी सूर्य आणि उपग्रह एकाच रेषेत असतात, म्हणजे डिशवर ज्याची सावली पडते, तेच सिग्नल अडवतं. शेजाऱ्याचा नारळ, पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या चादरी, जे असेल ते वाटीवर उमटलेलं दिसतं. मी काही गिऱ्हाइकांना मुद्दाम मार्चपर्यंत थांबायला लावलं आहे.

पावसात जातं त्याचं काय?

आग्नेयेला काळाकुट्ट ढग आला की जाणारच, आणि तो सरकला की येणार. पण साध्या भुरभुरीत जात असेल तर क्वालिटी मुळातच काठावर आहे. डिश नीट जुळवून घ्या.

एका डिशवर दोन टीव्ही चालतील का?

चालतील, पण दोन तोंडांचा, म्हणजे ट्विन एलएनबी लावून, प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र केबल टाकून. केबल टीव्हीचा साधा स्प्लिटर लावून बघू नका. एक बॉक्स १३ व्होल्ट मागतो, दुसरा १८ देतो, आणि एलएनबी जास्तीचं ऐकतो. मग सासूबाईंनी चॅनेल बदललं की आतल्या खोलीतलं जातं. दुकानात ही तक्रार "टीव्हीला नजर लागली" या नावानेही आलेली आहे.

गच्चीवर जुनी आठ फुटी जाळीची छत्री आहे. तिच्यावर हा एलएनबी लावू का?

नका. ती सी बँडची, ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झची. त्या लहरी सात-आठ सेंटिमीटर लांब असतात, त्यांना जाळी चालते. फ्री डिशच्या लहरी अडीच-पावणेतीन सेंटिमीटरच्या. त्यांना गुळगुळीत, पोचे न पडलेली वाटी लागते. सी बँडच चालवायचा असेल तर त्याचा एलएनबी वेगळा, लेबलवर ५१५० लिहिलेला.

दुसऱ्या कंपनीची बंद पडलेली डिश फ्री डिशला वापरता येईल?

वाटी कुठलीही चालते, ती काही सही ओळखत नाही. टाटा प्लेची डिश ८३ अंशाच्या उपग्रहाकडे बघत असते. तिला २४ अंश पूर्वेकडे वळवावं लागेल आणि सात अंश खाली. एलएनबीवर ९.७५ आणि १०.६ हे दोन आकडे असतील तर तोही चालेल.

एलएनबी बदलला, क्वालिटी भरपूर, तरी शेजाऱ्याकडे दिसणारे काही चॅनेल नाहीत.

आधी चॅनेल पुन्हा शोधा. तरी नाही आले तर बॉक्स जुना, एमपीईजी-२ चा, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीचा असणार. फ्री डिशवरचे काही चॅनेल नव्या एमपीईजी-४ पद्धतीत असतात, ते त्याला वाचता येत नाहीत.

हे सगळं मी स्वतः करू का?

सिमेंटची गच्ची, कमरेएवढा कठडा आणि डिश हाताशी असेल तर जरूर करा. सिमेंटचा पत्रा असेल तर नको. तो वरून दगडासारखा वाटतो आणि पाऊल पडलं की पापडासारखा मोडतो. लोखंडी पत्र्यावर चढायचंच झालं तर बोल्टांच्या रांगेवर पाय ठेवा, खाली तिथेच आडवं अँगल असतं. जुन्या माळवदाची माती पावसाळ्यात निसरडी होते, तिथे दिवाळीपर्यंत कळ काढा. आणि डिशच्या पाइपाजवळून विजेची तार जात असेल तर पाइप उचलण्याचा विचारही करू नका, तिथे आम्हीसुद्धा आधी लाइन बंद करून घेतो.

जुना एलएनबी उघडून दुरुस्त होतो का?

परवडत नाही. नवा मागच्या खेपेला मला अडीचशेला पडला. जुना खोलायलाच तेवढा वेळ जातो, आणि एकदा सील फोडलं की तो पुन्हा पाणबंद होत नाही. पण बघण्यासारखा असतो. पाठीमागचं झाकण काढलं की बोटभर हिरव्या पट्टीवर सोनेरी रेघा दिसतात, आणि तोंडाच्या नळीत डोकावलं तर गव्हाच्या दाण्याएवढ्या दोन पिना, एकमेकींशी काटकोनात. एक उभ्या लहरींची, एक आडव्या. सगळे चॅनेल या दोघींवाटेच घरात येतात. दुकानात काउंटरवर एक उघडून ठेवला आहे, शाळेची पोरं येता-जाता हाताळतात.